चाचणीचा पत्ता

प्रिय वहिनी,

काय घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. सोमवारी सकाळी आम्ही घरगुती सामानाचं एक ऑनलाइन दुकान त्याच्या गोदामाशी जोडलं. म्हणजे गिऱ्हाइकाने साइटवर ऑर्डर दिली की ती कुणी हाताने न उतरवता गोदामात पोचावी, खोकं ठरावं, कुरिअर ठरावं आणि लेबल छापून निघावं. त्यासाठीचं सॉफ्टवेअर मी लिहिलं होतं.

२. त्याआधी बरेच आठवडे मी खोट्या ऑर्डरी टाकून ते तपासत होते. खोट्या ऑर्डरीवर माल हलत नाही. लेबल तयार होतं, पडद्यावर दिसतं, आणि तिथेच संपतं.

३. शेवटच्या नऊ खोट्या ऑर्डरी रांगेत राहिल्या. रांग पुसायचं काम माझं होतं. मी पुसली, पण भलतीच.

४. खरी जोडणी सुरू झाली तेव्हा त्या नऊ ऑर्डरी गोदामात खऱ्या म्हणून पोचल्या.

५. गोदामातल्या लोकांनी आपलं काम चोख केलं. संध्याकाळच्या गाडीने नऊ पार्सलं निघाली.

६. नऊही पार्सलांवर एकच पत्ता होता. तुझा.

७. नावाच्या जागी 'वहिनी' एवढंच होतं.

ऑफिसला दिलेल्या अहवालात यातले पहिले सहा मुद्दे आहेत. सातवा मी घातला नाही, आणि कुणी मागितलाही नाही. सामान तुझ्याकडेच राहू दे असं दुकानाने कळवलं आहे. परत मागवण्याचा खर्च त्यांना परवडत नाही, आणि चूक आमची असल्याने भरपाई आमची कंपनी करते आहे. म्हणजे कामापुरतं बोलायचं तर या पत्राची गरज नाही. तरी लिहिते आहे. आधी ई-मेल लिहून पाहिली होती, तिचा पुन्हा अहवाल झाला.

तुला आलेलं सामान विचित्र वाटलं असणार. ते कुणा वेड्याने मागवल्यासारखं दिसतं, पण त्यात पद्धत आहे. खोकं कुठलं घ्यायचं हे सॉफ्टवेअर ठरवतं, म्हणून चाचणीसाठी मी मुद्दाम छळणाऱ्या वस्तू निवडते. पडद्याचा दांडा सगळ्यात लांब, सुयांचं पाकीट सगळ्यात लहान, लोखंडी तवा सगळ्यात जड, काचेची किटली सगळ्यात नाजूक. उशी वजनाला काहीच नाही पण जागा खाते, आणि कुरिअरवाले जागेचेही पैसे लावतात. भिंतीवरच्या घड्याळात सेल असतो, तो विमानाने पाठवू देत नाहीत. उरलेल्या तीन वस्तूंमागेही अशीच काहीतरी खोड आहे, ती तू ओळखशील. तुला कुणी गंमत म्हणून किंवा टोमणा म्हणून हे पाठवलं असेल असा संशय आला असेल, तर तो काढून टाक.

आता पत्त्याबद्दल. आमच्या टीमच्या प्रमुखाला आम्ही सगळे 'घाई' म्हणतो, कारण त्याच्याकडचं कुठलंही काम कालच व्हायला हवं असतं. मंगळवारी तो माझ्या टेबलापाशी आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा सावकाश बोलला. म्हणाला, "हा पत्ता कुणाचा?" मी म्हटलं, चाचणीचा. "चाचणीचा पत्ता आपल्या ऑफिसचा असतो. हा कुठून आणलास?" मी म्हटलं, अवघड आहे म्हणून घेतला. हे खरंच आहे. तुझ्या घराच्या नंबरात छेद आहे, छेदाखाली दोन आहे आणि दोनच्या पुढे अक्षर आहे. तुझ्या गल्लीच्या नावाची दुसरी गल्ली त्याच शहरात आहे. आणि खाली तुझी ती सूचना, जी तू वीजबिलापासून लग्नपत्रिकेपर्यंत प्रत्येकाला देतेस: पुढचं दार दुकानाचं आहे, ते वाजवू नये, मागच्या जिन्याने वर यावं, घंटा बंद आहे, दारावर थाप मारावी, काच असल्यास उभी धरावी. प्रत्येक कुरिअरचं लेबल ही सूचना वेगळ्या ठिकाणी तोडतं. एकाचं वाक्य 'ते वाजवू' इथेच संपायचं. दुसऱ्याने तुझ्या छेदाचा पूर्णांक केला आणि तुला त्याच रस्त्यावर बऱ्याच पुढे नेऊन बसवलं. तुझा पत्ता ज्या सॉफ्टवेअरमधून सुखरूप पार पडतो, त्यातून कुणाचाही पडतो. हे सगळं मी घाईला पडद्यावर दाखवलं. त्याला पटलं. मग त्याने नावाच्या जागेवर बोट ठेवलं. "आणि ही कुणाची वहिनी?" मी म्हटलं, नावाची जागा रिकामी सोडली तर लेबल छापत नाही. तो म्हणाला, "बरं," आणि पुन्हा घाईत निघून गेला.

तेही खरंच आहे, रिकामं सोडलं तर छापत नाही. पण तिथे तुझं नाव का नाही, हे त्याला सांगितलं नाही. दादाचं आडनाव तू अजून लावतेस की काढलंस, हे मला माहीत नव्हतं. कुणाला विचारायचं तेही कळत नव्हतं. चुकीचं लिहायचं नव्हतं. जे नक्की माहीत होतं तेवढं लिहिलं. नंतर लक्षात आलं की तेही आता नक्की माहीत नाही.

ही नोकरी धरल्यापासून मी जोडलेलं प्रत्येक दुकान आधी तुझ्या दारापर्यंत येऊन गेलं आहे. तुला त्याची खबर नाही. तुझ्याकडे चष्मे आले, बियाणं आलं, लहान मुलांची घसरगुंडी आली. एकदा एक पियानो आला होता. मागच्या जिन्याने पियानो चढवायचा कसा याचा मी, खरं सांगते, विचारसुद्धा केला. वळणावर अडकला असता. ही सगळी खरेदी फक्त पडद्यावरची, पण प्रत्येक चाचणीच्या शेवटी 'पोचलं' असा खोटाच संदेश परत यायचा, हिरव्या अक्षरांत, आणि त्या वेळी काम थांबवून मी चहा प्यायला उठायचे. इतर वेळी उठत नाही.

तुमच्या घरी मी पहिल्यांदा आले ते तुला माझ्याहून चांगलं आठवत असेल. आई गेली होती, बाबांची नोकरी जहाजावरची, आणि दादाचं लग्न नुकतंच झालेलं. नव्या संसारात शाळकरी नणंद म्हणजे काही कुणी मागून घेतलेली भेट नव्हे. मी बोलत नव्हते. शेजारच्या काकूंनी तुला विचारलं होतं, हिला ऐकू येतं ना. तू मला बोलतं करायचा प्रयत्न केला नाहीस. तू मला तुझ्या कामाच्या टेबलाशी बसवलंस आणि पुठ्ठ्याचे कोपरे दुमडायला दिलेस. चित्राला चौकट करून, काच बसवून झाली की बांधताना आधी चार कोपरे झाकायचे, मग कडा, मग पोट. तू मला 'वन्सं' म्हणायचीस, मुद्दाम, एखाद्या करारी मोठ्या नणंदेला म्हणावं तसं, मान खाली घालून. "वन्सं, एवढं बघता का, कोपरा नीट बसलाय का?" मी बघायचे आणि मान हलवून नाही म्हणायचे. तू पुन्हा करायचीस. दादा कामावरून यायचा आणि दारातून म्हणायचा, "इथे काय मौनव्रत चाललंय?" तू मान वर न करता म्हणायचीस, "बोलतोय की आम्ही. तुला ऐकू येत नाही, एवढंच."

मग मी शिकायला वसतिगृहात गेले, आणि शेवटच्या वर्षी दादाचा फोन आला. म्हणाला, "आम्ही वेगळे होतोय. घर तिचंच आहे, मी निघतोय. तुझ्याशी याचा काही संबंध नाही, तू अभ्यास कर." हे त्याने मला सांभाळण्यासाठी म्हटलं, हे आता कळतं. तेव्हा मी ते शब्दशः घेतलं. मी शिकत होते तेच असं होतं. दोन यंत्रणा एका जोडणीने बांधलेल्या असतात. ती जोडणी काढली की पलीकडचं सगळं आपोआप सुटतं, वेगळं काही तोडावं लागत नाही. तुझ्या माझ्यामधली जोडणी दादा होता. तो निघाला, म्हणजे मी निघाले. तू माझी कोण, याला कुठला शब्द उरला आहे का, हे मला कुणी सांगितलं नाही, आणि न विचारता तुझ्या दारात येऊन उभं राहणं मला जमलं नसतं. तू फोन करशील असं काही महिने वाटत राहिलं. मग माझं सामान आलं. पुस्तकं, स्वेटर, टेबलावरचा दिवा. इतकं सुंदर बांधलेलं खोकं मी नोकरीतही पुन्हा पाहिलं नाही. दिव्याच्या काचेला ओरखडासुद्धा नव्हता. पण आत चिठ्ठी नव्हती. मी पुठ्ठ्याचा एकेक थर काढून पाहिला.

आमच्या सपोर्टमध्ये गिऱ्हाइकांचे फोन घेणारी एक मुलगी आहे, तिला सगळे 'बडबडी' म्हणतात आणि तिला ते आवडतं. ऑफिसात मी जिच्याबरोबर जेवते अशी ती एकटीच, तेही ती येऊन बसते म्हणून. या खोक्याबद्दल मी तिला परवा सांगितलं. ती चमचा खाली ठेवून म्हणाली, "चिठ्ठी नव्हती म्हणजे चिठ्ठी नव्हती. त्याचा अर्थ कसला लावतेस? माणसाला काय लिहावं सुचत नाही कधीकधी." मी म्हटलं, पाच वर्षं? ती म्हणाली, "तुला सुचलं का पाच वर्षांत?"

तुझा फोन तिनेच घेतला होता. बुधवारी ती धावत माझ्याकडे आली. "अगं, नऊ चुकीची पार्सलं ज्यांच्याकडे गेली त्या बाई! चिडल्याच नाहीत! मला वाटलं नंबर चुकला त्यांचा." आमच्याकडे प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो, तुला फोनच्या सुरुवातीला तसं ऐकवलंही असेल. त्यामुळे मी चोरून ऐकलं असं होत नाही. तिने लावलं, मी ऐकलं. तुझा आवाज थोडा जाड झाला आहे, बाकी तोच. बडबडीने नेहमीचं पाठ केलेलं सुरू केलं, तर तू म्हणालीस, "सॉरी नंतर म्हणा. आधी मला सांगा, सुयांच्या पाकिटाला एवढं खोकं कुणी काढलं? माझी मांजर बसली आहे त्यात, आणि अजून एक मांजर बसेल." तुझ्याकडे मांजर आहे हे मला माहीत नव्हतं. (खोकं मी काढलं. त्या मापाचं लहान खोकं गोदामात संपलं होतं आणि सॉफ्टवेअरने त्यापुढचं न घेता भलतंच मोठं उचललं. ही चूक मी आता दुरुस्त केली आहे.) मग तू म्हणालीस, "पडद्याचा दांडा पोचला. पडदा मागून येतोय का?" बडबडीला हसू आवरेना. तिने तुझं नाव विचारलं. तू म्हणालीस, लेबलवर आहे ते. ती म्हणाली, "मॅडम, लेबलवर नुसतं 'वहिनी' आहे."  मागे कुठेतरी तुझं चौकटीच्या पट्ट्या कापायचं यंत्र चालू होतं, ते कुणीतरी बंद केलं. मग तू म्हणालीस, "हो. तेच लिहा."

पुढचं मी किती वेळा ऐकलं ते इथे लिहीत नाही. तिने विचारलं, पार्सलं परत न्यायला माणूस कधी पाठवू. तू म्हणालीस, "परत कशाला? पाठवणारीला विचारा, आणखी काही यायचं असेल तर आधी कळव म्हणावं. जिन्यातलं सामान हलवायला लागेल." बडबडी गोंधळली. "पाठवणारी म्हणजे? मॅडम, ही कंपनीकडून गेलीत." तू म्हणालीस, "असू दे. तुम्ही लिहून घ्या फक्त." लेबलवर कंपनीचं नाव होतं, वहिनी. माझं कुठेच नव्हतं.

घाई माझ्यावर ओरडला वगैरे नाही. खोट्या आणि खऱ्या ऑर्डरींमध्ये आता मी एक जादा कुलूप घातलं आहे. दोन माणसांनी होकार दिल्याशिवाय ते उघडत नाही, त्यामुळे अशी चूक पुन्हा व्हायची नाही. त्याने तुझा पत्ता चाचणीतून काढायला सांगितलं आणि ऑफिसचा घालायला. मी काढला. नवी चाचणी घातली, ती पहिल्या फटक्यात पार पडली. आमच्या ऑफिसचा पत्ता दोन ओळींचा आहे, त्यात छेद नाही आणि सूचना नाही. 'पोचलं' असं हिरवं उमटलं आणि मी उठले नाही. त्या दुपारी माझ्या लक्षात आलं की आता तुझ्या पत्त्यावर काही पाठवायचं तर ते खरंच पाठवावं लागेल.

माझं म्हणशील तर बरं चाललं आहे. खोली चौथ्या मजल्यावर आहे, खिडकीतून एका टायरवाल्याचं छप्पर दिसतं. सायकल शिकले, या वयात, तीनदा पडले. बाबा निवृत्त झाले आणि जमिनीवर त्यांना झोप लागत नाही असं म्हणतात. दादा ठीक आहे. त्याच्याबद्दल तुला किती ऐकायचं आहे ते माहीत नाही, म्हणून एवढंच. पण या पत्राविषयी मी त्याला सांगितलं आहे. परवानगी म्हणून नव्हे, माहिती म्हणून. मला वाटत होतं त्याला लागेल. तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही दोघी बोलत नाही? कधीपासून?" मी सांगितलं.  तो म्हणाला, "अगं, मी तिला सोडलं. तू कशाला सोडलंस?" मी म्हटलं, मी सोडलं नाही, मला वाटलं मी आपोआप सुटले. तो म्हणाला, "तू इंजिनिअर झालीस ते चुकलंच." हे तो प्रेमाने म्हणाला. आवाजावरून कळत होतं.

आता मुद्दा. या दुकानाचं दुसरं गोदाम तुमच्या शहरात उघडतं आहे, नदीपलीकडे, जिथे पूर्वी कागदाची गिरणी होती. माल काढणाऱ्या आणि बांधणाऱ्या लोकांच्या शेजारी बसून, त्यांना काय अडतं ते बघून जोडणी करायची, असं सहा महिन्यांचं काम आहे. अशा कामाला आमच्याकडे कुणी हात वर करत नाही. मी केला. घाई म्हणाला, "तू? तू तर ऑफिसच्या सहलीलाही येत नाहीस." कुणीतरी मागून म्हणालं, ती पार्सलं परत आणायला चालली आहे, आणि सगळे हसले. मी म्हटलं, पार्सलं परत नको आहेत. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला मी तिकडे येते आहे, एवढं ठरलं आहे. कंपनी हॉटेल देते. मला हॉटेलात राहायचं नाही. माझी खोली तू आता कशासाठी वापरतेस ते मला माहीत नाही. तिथे काचा असतील तर त्या हलवू नकोस, मला कामाच्या टेबलाशेजारी पलंगापुरती जागा पुरेल. भाडं घ्यायचं की नाही ते तू ठरव. दोन्हींचा अर्थ मी समजून घेईन, आणि दोन्ही मला चालतील. सहा महिन्यांचं म्हटलं तरी आधी आठ दिवस बघू असं म्हणालीस तरी चालेल. हॉटेलचं शुक्रवारी पक्कं करावं लागतं. तेव्हा मी तुझ्याकडे राहायला येऊ की नको, ते मला गुरुवारपर्यंत कळव. फोन केलास तरी चालेल, नंबर खाली लिहिला आहे. तो माझा स्वतःचा आहे, सपोर्टचा नाही, आणि त्यावर काही रेकॉर्ड होत नाही.

तुझीच,
धाकटी